नगराची वीज आणि नगराचा जमाखर्च

मुंबईच्या रस्त्यावर विजेची ट्राम प्रथम धावली ती १९०७ साली. सह्याद्रीच्या माथ्यावर अडविलेले पाणी पाचशे मीटरांहून अधिक खाली आणून खोपोलीच्या वीजगृहात निर्माण केलेली वीज या शहराच्या गिरण्यांना मिळू लागली ती १९१५ साली. आणि १९२५ च्या फेब्रुवारीत बोरीबंदर ते कुर्ला अशी हिंदुस्थानातील पहिली विजेची आगगाडी सुरू झाली, तेव्हापासून विजेशिवाय नगर ही कल्पनाच आपल्याला अशक्यप्राय होऊन बसली. या इतिहासाचे कौतुक करताना त्याची एक बाजू बहुधा वगळली जाते. याच विजेसाठी मुळशीच्या खोऱ्यातील मावळ्यांच्या पिढीजात भातजमिनी बुडावयाच्या होत्या, म्हणून १९२१ साली तेथे सत्याग्रह झाला आणि त्याच्या नेतृत्वामुळे पांडुरंग महादेव बापट हे महाराष्ट्राचे सेनापती झाले. पण सत्याग्रह निष्फळ ठरला, धरण उभे राहिले, आणि मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहात उतरून मुंबईच्या उपयोगी पडू लागले. नगरात जळणाऱ्या दिव्याची पुरी किंमत नगरातच वसूल होत नाही, तिचा काही हिस्सा नगराबाहेरचा कोणीतरी भरीत असतो, ही गोष्ट मराठी माणसाला अशी शंभर वर्षांपासून ठाऊक आहे.

आज तो हिस्सा प्रामुख्याने कोळशाच्या प्रदेशाकडे सरकला आहे. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे, आणि तेथील वीज कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत आणण्यासाठी ७५२ किलोमीटर लांबीची अतिउच्च दाबाची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ सालापासून कार्यरत आहे. कोळशाच्या ज्वलनातून मिळणाऱ्या उष्णतेपैकी स्थूलमानाने एक तृतीयांश तेवढी विजेत उतरते. उरलेली शीतकरणाच्या मनोऱ्यांतून आणि धुराड्यांतून वातावरणात निघून जाते, आणि जी वीज हाती लागते तिच्यातूनही वहनात व वितरणात काही घट व्हावयाची ती होतेच. म्हणजे पुण्याच्या वा ठाण्याच्या एखाद्या घरी एक युनिट वाचले, तर चंद्रपूरच्या भट्टीत तीन युनिटांहून अधिक उष्णता देणारा कोळसा वाचतो. बचतीचा हा गुणाकार नगराच्या टोकाला जितका लाभदायक ठरतो तितका अन्यत्र क्वचितच ठरतो, आणि २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची ४५ टक्के प्रजा नगरवासी झालेली असल्याने बचतीचा प्रश्न आता केवळ मुंबईपुरता उरलेला नाही.

असे असूनही विजेच्या बचतीचा विषय निघाला की आपल्याकडे उपदेशाला ऊत येतो. शाळेच्या भिंतीवर सुविचार, सरकारी कचेरीत बटणाशेजारी चिकटविलेली सूचना, आणि वर्षातून एखादा सप्ताह. नागरिकाने पंखा बंद करून खोलीबाहेर पडावे हे योग्यच आहे. परंतु नगराची वीज मुख्यतः ज्या ठिकाणी खर्ची पडते, ती ठिकाणे नागरिकाच्या बोटाखाली नसतात. ती पंपगृहात, नगररचना खात्याच्या मंजुरीच्या नस्तीत आणि लेखा विभागाच्या देयकांच्या गठ्ठ्यात असतात. शिवाय वीज वापरणारा, तिचे देयक भरणारा आणि ती किती लागावी हे आगाऊ ठरवून टाकणारा असे तीन भिन्न पुरुष या व्यवहारात असतात, आणि त्यांची एकमेकांशी गाठ क्वचितच पडते. माझ्या मते नगराच्या विजेचा प्रश्न हा सद्गुणांच्या आधी हिशेबाचा प्रश्न आहे.

पाण्याचीच गोष्ट घ्या. मुंबईचे एक मोठे भाग्य असे की, १८९२ साली पूर्ण झालेला तानसा तलाव आणि त्यानंतरची वैतरणेवरील धरणे शहराहून उंचावर असल्याने तेथील पाणी बव्हंशी आपल्या वजनानेच शहराकडे येते. भातसा धरणाचे पाणी मात्र नदीत सोडून पिसे येथे उचलावे लागते, आणि तेथे विजेचे देयक सुरू होते. मराठवाड्याच्या राजधानीचे दैव याच्या नेमके उलट आहे. छत्रपती संभाजीनगर हे पैठणच्या जायकवाडी जलाशयाच्या पूर्ण पातळीपेक्षाही शंभर मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले असल्याने तेथे घागरीत पडणारा पाण्याचा प्रत्येक थेंब आधी विजेने वर चढविलेला असतो.

हे चढविणे किती विजेचे काम आहे, याचे गणित शालेय पदार्थविज्ञानाच्या पलीकडचे नाही. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच नेण्यास सिद्धांततः ०.२७ युनिट वीज लागते. पण पंप आणि मोटार मिळून शंभरापैकी पासष्टच भाग कामाला लावतात असे धरले, तर हाच आकडा ०.४२ वर जातो. एखादे शहर दररोज दहा कोटी लिटर पाणी एवढ्या उंचीवर नेत असेल, तर रोजची सुमारे ४२,००० युनिटे झाली, आणि नलिकेतील घर्षणाचा भार याहून निराळा. आता तेच पंप झिजून त्यांची कार्यक्षमता पन्नासावर घसरली आहे असे समजा. वीज ५४,००० युनिटांच्या पुढे जाईल. युनिटाला आठ रुपये दर धरला, तर केवळ या झिजेपायी नगराच्या तिजोरीतून दररोज सुमारे एक लाख रुपये जातात, आणि कोणाच्याही घरचे पाणी एका तांब्यानेही वाढत नाही.

ही झीज कशी घडते हे एखाद्या पंपगृहात तासभर उभे राहिले तरी दिसण्यासारखे आहे. पंप निवडताना पुढल्या वीस-तीस वर्षांची लोकसंख्या धरलेली असते, त्यामुळे आरंभीची कित्येक वर्षे तो गरजेहून मोठाच असतो; मग पाण्याचा लोट आवरण्यासाठी चालक पुढच्या नळावरील झडप अर्धी मिटवून ठेवतो, आणि ती तशीच मिटलेली राहणे हा तेथला शिरस्ता होऊन बसतो. एका हाताने मोट ओढावी आणि दुसऱ्या हाताने तीच विहिरीत दाबून धरावी, असा हा प्रकार आहे. मोटारीची गती कमीअधिक करणारे विद्युत्-उपकरण बसविले, तर हे भांडण मिटते; कारण जेथे मुख्य अडथळा घर्षणाचा असतो तेथे पंपाची गती ऐंशी टक्क्यांवर आणली की लागणारी शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. मात्र जेथे पाणी निव्वळ उंच चढवायचे असते तेथे या उपकरणाचा लाभ पुष्कळ कमी होतो. विक्रेते ही गोष्ट नेहमीच सांगतात असे नाही, म्हणून ती येथे सांगून ठेवणे बरे. अशा ठिकाणी योग्य मापाचा पंप किंवा त्याच पंपात लहान व्यासाचे फिरते चक्र हाच स्वस्त उपाय.

मग मोटार जळते. ती स्थानिक कारखान्यात नेऊन रिवाइंड करून आणतात, ती पुन्हा फिरू लागते, आणि प्रश्न सुटला असे समजले जाते. परंतु रिवाइंडिंग जपून केलेले नसेल, तर प्रत्येक वेळी मोटार थोडी अधिक तापू लागते, आणि ते तापणे देयकात उमटत राहते. शंभर किलोवॅटची मोटार दिवसाचे वीस तास चालली, तर वर्षाला ७ लाख ३० हजार युनिटे घेते. म्हणजे आठ रुपयांच्या दराने ती वर्षाला ५८ लाख रुपयांची वीज खाते. या रकमेपुढे यंत्राची खरेदीची किंमत क्षुल्लक असते. तरीही निविदा उघडताना सर्वांत कमी किमतीच्या यंत्राला मंजुरी द्यावी आणि त्याच्या पंधरा वर्षांच्या विजेचा विचार कोणी करू नये, हा आपल्या खरेदीच्या नियमांचा चमत्कारिक न्याय आहे. अधिकाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. महाग यंत्र घेतले तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. वीज अधिक जळाली तर निघत नाही.

आणि एवढ्या खटाटोपाने वर आणलेले पाणी जर जुन्या नळांतून जमिनीत मुरत असेल, तर त्याच्याबरोबर त्याची वीजही मुरते. म्हणून नळाची गळती शोधणारे पथक हे खरे पाहता नगराच्या ऊर्जाखात्याचाही नोकर आहे, जरी असे खाते बहुतेक ठिकाणी अस्तित्वात नाही.

खाते नाही, हीच मुख्य अडचण आहे. मध्यम आकाराच्या महापालिकेच्या नावे शेकडो विजेची मीटरे असतात: पंपगृहे, मैलापाणी केंद्रे, रस्त्यांवरचे दिवे, रुग्णालये, शाळा, उद्याने, स्मशानभूमी. प्रत्येकाचे देयक दरमहा येते, लेखा विभाग ते मुदतीत भरण्याची दक्षता घेतो, आणि तेथेच त्याचे आयुष्य संपते; युनिटांच्या रकान्याकडे अभियंता पाहत नाही आणि रुपयांच्या रकान्यापलीकडे लेखापाल पाहत नाही. परिणामी उद्यानातील कारंजे आटून गेले तरी त्याच्या मीटरचा स्थिर आकार भरला जातो, प्रत्यक्ष मागणी घटली तरी करारातील मागणी जुनीच राहते, आणि विद्युत्-भाराचा शक्तिगुणक (पॉवर फॅक्टर) घसरल्याचा भुर्दंड महिनोमहिने कोणाच्या ध्यानात येत नाही. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांची आकारणी प्रत्यक्ष किलोवॅट-तासांवर न होता किलोव्होल्ट-अँपिअर-तासांवर होऊ लागली असल्याने या घसरणीचा फटका आता थेट युनिटांतच बसतो. सर्व मीटरांची एकत्र यादी करून तीन वर्षांची देयके शेजारी शेजारी मांडणे, एवढ्या कारकुनी कामानेच जे उघडकीस येते ते पुष्कळदा महागड्या अहवालांनीही येत नाही.

कायद्याची उणीव म्हणावी, तर तीही नाही. ऊर्जासंवर्धन अधिनियम २००१ साली संमत झाला, १ मार्च २००२ पासून त्याच्या अंमलासाठी केंद्राने ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन केले, आणि आपल्या राज्यात हे काम पुण्याच्या महाऊर्जा या संस्थेकडे आहे. शीतकपाटावरचे तारे लोकांच्या परिचयाचे झाले, ते याच व्यवस्थेतून.

दिव्यांच्या बाबतीत तर आपण जगाला सांगण्यासारखे काम केले आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी घरगुती एलईडी दिव्यांची उजाला ही योजना आणि तिच्या जोडीने रस्त्यांवरील दिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तोपर्यंत एलईडीचा दिवा सामान्याच्या आवाक्याबाहेर होता. पण सरकारी कंपनीने कोट्यवधी दिव्यांची मागणी एकत्र करून निविदा काढल्या, आणि २०१४ च्या आरंभी ३१० रुपये असलेली खरेदीची किंमत दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांवर आली. शोध जुनाच होता. मागणीची बेरीज तेवढी नवी होती. या योजनेतून पुढे ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. रस्त्यावर अडीचशे वॅटच्या पिवळ्या सोडियम दिव्याच्या जागी सव्वाशे वॅटांच्या आतला पांढरा दिवा बसविण्याची पद्धत अशी ठरली की, भांडवल कंपनीने घालावे आणि नगरपालिकेने वाचलेल्या विजेच्या रकमेतून ते वर्षानुवर्षे फेडावे. कल्पना निर्दोष होती. व्यवहारात मात्र वाचलेली रक्कम अन्य खर्चात विरून गेली, अनेक नगरपालिकांकडे थकबाकी साचली, आणि बिघडलेला दिवा कोणी दुरुस्त करावयाचा यावर पत्रव्यवहार होत राहिला. वीज वाचली, वाचलेले पैसे निराळ्या खात्यात जमा करण्याची तजवीज कोणी केली नाही.

पंप आणि दिवे ही नगरपालिकेची स्वतःची वीज झाली; पण नगराच्या एकूण विजेत तिचा वाटा लहानच. मोठा वाटा इमारतींचा, आणि त्यांतही झपाट्याने वाढणारा भाग गारव्याचा. २०१९ साली केंद्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या शीतकरण आराखड्यात, २०१७-१८ च्या मानाने पुढील वीस वर्षांत देशाची शीतकरणाची मागणी सुमारे आठपट होईल असा अंदाज केलेला आहे. याला उत्तर म्हणून जानेवारी २०२० पासून वातानुकूलन यंत्रे कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येऊ लागली, आणि २०२३ पासून छताच्या पंख्यालाही तारांकन सक्तीचे झाले. पंचाहत्तर वॅटच्या पंख्याचे काम तिशीच्या आसपास वॅट घेणारा नवा पंखा करू शकतो, हे आता कोणत्याही दुकानात पाहावयास मिळते. हे सर्व उपयुक्त आहे, पण यंत्र दहा-बारा वर्षांनी बदलते. भिंत बदलत नाही.

ज्या दिवशी इमारतीचा नकाशा मंजूर होतो, त्याच दिवशी तिच्या पुढील पन्नास वर्षांच्या विजेचा निम्मा निकाल लागलेला असतो. आपल्या अक्षांशावर उन्हाळ्यात सूर्य जवळजवळ डोक्यावरून जातो, म्हणून छप्पर तापते सर्वांत अधिक. त्याच्या खालोखाल पूर्व आणि पश्चिम या बाजू, कारण सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन छज्ज्यालाही दाद देत नाही. दक्षिणेची खिडकी मात्र हातभर छज्ज्यानेही पुष्कळ सांभाळता येते. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती, मधला चौक आणि पडवी यांना हे ज्ञान होते. अर्थात वाडे लहान कुटुंबसंख्येचे आणि सैल जमिनीचे होते, आणि आजच्या दाट शहराने वाडे बांधावेत असे म्हणणे ही स्मरणरंजनाची चैन झाली. तथापि पश्चिमेकडे तोंड करून आपादमस्तक काचेची भिंत उभारावी आणि मग आत शिरलेले ऊन बाहेर काढण्यासाठी शेकडो टनांची वातानुकूलन यंत्रणा बसवावी, यालाही आधुनिकता म्हणणे कठीण आहे. बांधणारा असे बांधतो, कारण विजेचे देयक त्याला भरावयाचे नसते. जो भरणार तो नकाशा मंजूर होताना तेथे नसतोच.

हीच फट बुजविण्यासाठी ऊर्जासंवर्धन इमारत संहिता २००७ साली आली, २०१७ मध्ये ती सुधारली, आणि डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता निघाली. छप्पर किती उष्णता आत सोडते, काच किती ऊन गाळते, खिडक्या किती उघडतात, यांची मोजता येतील अशी मापे तीत दिलेली आहेत. परंतु केंद्राची संहिता राज्याने अधिसूचित करावी, महापालिकेने ती आपल्या नियमावलीत घ्यावी, आणि मग नगररचना खात्यातील कनिष्ठ अभियंत्याने नकाशातील पार्किंगचे व सामासिक अंतरांचे माप घेताना काचेचेही माप घ्यावे, या साखळीतील शेवटचा दुवाच सर्वांत कच्चा आहे. त्या अभियंत्याला हे शिकविलेले नसते, आणि भोगवटा प्रमाणपत्र देताना छपरावर उष्णतारोधक थर खरोखर पडला की नाही हे पाहण्यास त्याला सवडही नसते. त्या मानाने पुणे महापालिकेने सौरबंब बसविणाऱ्यांना मिळकतकरात सूट देण्याची जी रीत घातली ती साधी असूनही लोकांना कळते, कारण ती दरवर्षी कराच्या देयकावर छापून येते.

ज्यांच्या घरी वातानुकूलन यंत्र कधीच येणार नाही त्यांचा विचार मात्र या संहितांत अल्प आहे, आणि अहमदाबादने तो केला म्हणून त्या शहराचे नाव येथे घेणे अवश्य आहे. २०१० च्या मे महिन्यात तेथे उष्णतेच्या लाटेत एरवीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसून आले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या महापालिकेने उष्णताविरोधी कृती आराखडा केला, आणि २०१७ पासून झोपडवस्तीतील पत्र्यांना व गच्च्यांना चुन्याचा पांढरा हात देण्याचा उपक्रम हाती घेतला. पांढरे छप्पर ऊन परत फेकते, एवढेच त्यामागील शास्त्र. चुना दर एक-दोन वर्षांनी पुन्हा लावावा लागतो आणि पावसात तो धुपतो, ही त्याची मर्यादा. पण विदर्भ-मराठवाड्यातील नगरपालिकांनी हा खर्च आपल्या अंदाजपत्रकात का धरू नये, याचे समाधानकारक उत्तर मला सुचत नाही.

बाहेरच्या नगरांपैकी दोहोंचा उल्लेख पुरे. न्यूयॉर्कने २००९ साली कायदा करून मोठ्या इमारतींना आपला वार्षिक ऊर्जावापर जाहीर करणे भाग पाडले, आणि २०२० पासून त्या वापराचे गुणाक्षर इमारतीच्या प्रवेशद्वारी लावणे सक्तीचे केले. टोकियोने २०१० पासून मोठ्या कचेऱ्यांच्या व कारखान्यांच्या कर्ब-उत्सर्जनावर मर्यादा घातली आणि ती न पाळणाऱ्याला दुसऱ्याची बचत विकत घेण्याची मुभा दिली. दोन्ही ठिकाणी आरंभ मोजण्यापासून झाला. भाडेकरूला जागा घेण्यापूर्वी तिचे विजेचे देयक कळावे, एवढी मागणी आपल्याकडेही फार मोठी ठरू नये.

आणखी एक बदल असा की, वीज किती लागते याइतकेच ती कोणत्या घटकेला लागते हेही आता महत्त्वाचे झाले आहे. पूर्वी रात्री वीज स्वस्त असे. सौरविजेची भर पडल्याने आता दुपार स्वस्त होऊ लागली आहे, आणि जून २०२३ मध्ये केंद्राने नियमांत दुरुस्ती करून सौर तासांचा दर नेहमीपेक्षा १० ते २० टक्के कमी ठेवण्याची तरतूद केली. नगराजवळ या संधीचा लाभ घेण्याचे साधन आयतेच उभे आहे, ते म्हणजे टेकडीवरची पाण्याची टाकी. दुपारी ती भरून घ्यावी आणि सायंकाळी, जेव्हा घरोघरचे दिवे, पंखे आणि शेगड्या एकदम सुरू होतात, तेव्हा पंप थांबवावेत. यासाठी टाक्या थोड्या मोठ्या आणि पाणी सोडण्याची वेळापत्रके थोडी निराळी लागतील, पण यात नवे असे काही शोधावयाचे नाही.

वाचकांपैकी जे महापालिकेच्या हद्दीत राहतात, त्यांना एक विनंती आहे. आपल्या महापालिकेचे चालू वर्षाचे अंदाजपत्रक मिळवा. पाणीपुरवठा आणि दिवाबत्ती या शीर्षांखाली विजेसाठी किती रक्कम धरली आहे ते पाहा. आणि मागील तीन वर्षांत प्रति हजार लिटर पाण्यामागे किती युनिटे लागली, हा एकच प्रश्न माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. उत्तर आले, तर ते आपल्या नगरसेवकाला दाखवा. असा आकडा आम्ही ठेवीतच नाही असे उत्तर आले, तर ते आधी दाखवा.